फॅरागटच्या वाटेत पाणतीर नव्हतेच

प्रश्न : अमेरिकी यादवी युद्धावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. ॲडमिरल फॅरागटच्या 'डॅम द टॉर्पेडोज'साठी 'पाणतीर' लिहू, की 'टॉर्पेडो' तसाच ठेवू?

दोन्ही नको! 'पाणतीर गेले खड्ड्यात' इतक्यांदा वाचलंय की आता हसूही येत नाही. फॅरागटने ते वाक्य म्हटलं अशी आख्यायिका ज्या लढाईची, ती मोबाइल बेची (अमेरिकेतल्या अलाबामाच्या किनाऱ्यावरचा उपसागर) लढाई झाली 5 ऑगस्ट 1864 ला. स्वतः पाण्यातून धावत जाणारा, इंग्रज अभियंता व्हाइटहेडचा पाणतीर आला 1866 मध्ये. फॅरागटच्या वाटेत होती ती पाण्यात नांगरून ठेवलेली, दारू भरलेली पिंपं आणि पत्र्याचे डबे. म्हणजे सुरुंग; तेव्हा त्यांनाच टॉर्पेडो म्हणत. फॅरागटच्या ताफ्यातली 'टेकुम्से' ही चिलखती नौका त्यातल्याच एकावर आदळून दोनेक मिनिटांत बुडाली. मागून फॅरागटची 'हार्टफर्ड' त्याच पट्ट्यातून गेली, तेव्हा तळाला डबे घासल्याचे आणि चाप उडाल्याचे आवाज आतल्या खलाशांनी ऐकले म्हणतात. बरेच दिवस पाण्यात राहून दारू भिजली होती, म्हणून वाचले. (ते प्रसिद्ध वाक्य त्याने अगदी तसंच उच्चारलं का, हा वाद निराळा.)

टॉर्पेडो हा मुळात झटका देऊन बधिर करणारा मासा. लॅटिनमध्ये 'टॉर्पेरे' म्हणजे बधिर होणं. अमेरिकी संशोधक रॉबर्ट फुल्टनने ते नाव आपल्या पाणसुरुंगांना दिलं. झालं, माशाचं एवढंच.

खरी गंमत आपल्या 'सुरुंग'मध्ये आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' आहे, अर्थ भुयार. दारूचा तेव्हा पत्ताही नव्हता. भिंतीखाली भुयार खणायचं, पुढे त्यात दारू ठासायची, आणि शेवटी भुयाराचं नाव त्या दारूलाच चिकटलं. हा 'सुरुङ्गा' ग्रीक 'सिरिंक्स'वरून आला, असं माझं ठाम मत आहे. सिरिंक्स म्हणजे बोरूची बासरी, नळी आणि भुयारसुद्धा. दवाखान्यातली सिरिंज त्याच घरची, म्हणजे सुरुंगाची सख्खी चुलत बहीण! 'सु + रंग' अशी फोड करणारे पंडित आहेत. भुयारात कसला आलाय चांगला रंग? मग ते लाक्षागृह पुढे करतात, महाभारतातही 'सुरुङ्गा' आहे म्हणून. आहेच. पण ग्रीक इथे येऊन गेल्यावरही महाभारतात भर पडत होती, हे सोयीस्करपणे विसरायचं?

हां, तुमचं वाक्य राहिलंच. 'सुरुंग गेले खड्ड्यात' लिहा. पाण्यातले हे लेखावरून कळतंच, तरी शंका वाटली तर 'पाणसुरुंग'.