छत्तीस फ्रेम आणि गोव्याचं ऊन

वाचक विचारतात : या वेळी फिल्मवरची प्रवासछायाचित्रं

मोबाइलवर हजार फोटो फुकटात निघतात. माझा मित्र मात्र रोल भरून दिवाडीला जातो आणि आठवड्याने फोटो बघतो. यात एवढं काय आहे? (म्हापसा)

मुख्य कारण आपलं ऊन. जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत भर दुपारी उभे राहा. मांडवीचं पाणी डोळे दिपवतं, शेजारच्या माणसाचा सदरा पांढराशुभ्र तळपत असतो आणि बोटीच्या छपराखाली जवळजवळ काळोख. मोबाइल अशा वेळी पाच-सात फ्रेम घेऊन एकमेकांत मिसळतो, सावली उजळतो, ऊन दाबतो. फोटो येतो तो ‘सगळं दिसतंय’ असा. दुपार त्यातून निघून गेलेली असते. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीच्या उजेडाला हळूहळू प्रतिसाद कमी करत नेते. पांढरा सदरा पांढराच राहतो, पण त्याच्या चुण्याही दिसतात. फिल्मचा हा गुण आम्हाला सर्वांत मोठा वाटतो, ग्रेन (फिल्मवरचे बारीक दाणे) आणि रंगांच्या गोष्टी त्यानंतर.

दुसरं कारण आकड्याचं. ३५ मिमीच्या एका रोलमध्ये ३६ फोटो, १२० नावाच्या जास्त रुंद फिल्मच्या रोलवर ६×६ सेंमीचे १२. प्रत्येक खटक्याला पैसे पडतात, म्हणून आधी ऊन कुठून येतंय ते पाहिलं जातं, मग माणसामागे काय आहे ते, आणि शेवटी माणूस. खटका दाबल्यावर बघायला पडदा नसतो, त्यामुळे नजर खाली वळत नाही, समोरच राहते. पुष्कळदा चांगला फोटो दुसऱ्याच क्षणी मिळतो, आणि पडद्यात डोकं घातलेल्याच्या हातून तो निसटतो.

मात्र चोडणच्या सलीम अली अभयारण्यातले पक्षी, घरातली धावती पोरं, पहाटेचा मासळीबाजार यांसाठी डिजिटलच न्या. तिथे फिल्मचा हट्ट धरला तर रोल वाया जातो.

कोडॅकच्या गोल्ड २०० या रंगीत निगेटिव्हवर पणजीची पांढरी चर्च टिपली, ती राखाडी आणि खरखरीत आली. त्याच रोलवर तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ मात्र सुरेख आलं. मीटर बिघडलाय का? (फोंडा)

उजेड मोजणारा मीटर ठणठणीत आहे. समोर काय आहे हे त्याला कळत नाही. जे दिसेल ते मध्यम राखाडी धरून तो आकडा सांगतो. चुन्याने रंगवलेली भिंत चौकटभर आली की उजेड फार आहे असं समजून तो दीड-दोन स्टॉप कमी एक्स्पोजर देतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तांबडी सुर्ल्याचं देऊळ काळ्या बेसॉल्टचं, भोवती रान. तिथे तो उलट फसतो आणि एखादा स्टॉप जास्त देतो. रंगीत निगेटिव्हला जास्तीचा एक स्टॉप मानवतो, दोनही खपतात. कमी पडलेला मात्र सोसत नाही.

खात्री करायची तर निगेटिव्ह खिडकीशी धरा. चर्चच्या दारांतल्या सावलीची जागा फिल्मच्या कोऱ्या कडेसारखी नुसती नारिंगी असेल, म्हणजे तिथे काहीच उमटलेलं नाही. स्कॅन करणारा तो फोटो ओढूनताणून उजळतो आणि ग्रेन वर येतो. त्या खरखरीचं मूळ हेच.

उपाय सोपा आहे. ज्या उन्हात चर्च आहे त्याच उन्हात आपला तळवा धरा, चौकट तळव्याने भरून मीटर वाचा आणि एक स्टॉप वाढवा. मीटर सांगतोय १/२५० सेकंदाला एफ/१६, तर एफ/११ ठेवा (एफचा आकडा लहान, तर लेन्सचं छिद्र मोठं). मग वर चर्चकडे वळल्यावर काटा काहीही म्हणो, आकडे बदलू नका.

मीटर अजिबात नसेल तरी अडत नाही. लख्ख उन्हात एफ/१६ ला शटर फिल्मच्या आयएसओएवढं (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती तत्पर आहे त्याचा आकडा), हा जुना नियम. २०० च्या फिल्मला १/२५० घ्या. शटर तेच ठेवून सावलीच्या कडा मऊ झाल्या तर एफ/११, सावलीच पडत नसेल तर एफ/८, आभाळ दाटून आलं तर एफ/५.६ आणि पणजीतल्या फोंताइन्हासच्या बोळातल्या मोकळ्या सावलीत एफ/४. निगेटिव्हसाठी या प्रत्येकात एक स्टॉप वाढवला तर बरंच. मिरामारच्या वाळूवर भर उन्हात तेवढा तो वाढवू नका, खालूनही उजेड उसळतो.

हे सगळं निगेटिव्हचं झालं. एक्टाक्रोमसारख्या स्लाइड फिल्मला, जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं, हा उदारपणा नाही. तिथे अर्धा स्टॉप जास्त झाला तरी पांढरी भिंत धुऊन निघते, म्हणून उजळ भागाचं माप धरा आणि सावली काळी पडली तर पडू द्या.

कृष्णधवल वापरत असाल तर गंमत चिऱ्याची आहे. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू चर्चच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा नाही, नुसता तांबूस जांभा. नारिंगी फिल्टर लावला की तो दगड उजळतो, आभाळ गडद होतं आणि झाडीही काळवंडते. हिरव्या फिल्टरने उलट होतं : चिरा गडद, पानं उजळ. फिल्टर नारिंगी असेल तर साधारण दोन स्टॉप वाढवावे लागतात. लेन्समधून मोजणारा मीटर असेल तर तो बराचसा हिशेब आपोआप करतो.

अख्खा रोल कोरा आला. लॅब म्हणते कॅमेऱ्याची चूक, कॅमेरा दुरुस्त करणारा म्हणतो लॅबची. कोणाचं खरं? (काणकोण)

निगेटिव्हच्या कडा बघा. तिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात आणि डेव्हलपरमध्येच (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) ते उमटतात. आकडे ठसठशीत आहेत आणि मधला भाग कोरा, तर रसायनं ठीक होती. फिल्मवर उजेडच पोचला नाही. आकडेही नाहीत आणि पट्टी पूर्ण पारदर्शक आहे, तर चूक धुलाईची. पट्टी टोकापासून टोकापर्यंत काळी असेल तर धुण्याआधी कुठेतरी तिला उजेड लागला.

बहुतेक वेळा पहिलंच घडतं आणि त्याचं कारण भरण्यात असतं : फिल्मची जीभ गुंडाळणाऱ्या रिळातून सुटते, तुम्ही लिव्हर ओढत राहता आणि फिल्म डब्यातच बसून असते. जीभ रिळाच्या फटीत घाला, एकदा लिव्हर ओढा, वरच्या-खालच्या दोन्ही दात्यांत भोकं अडकली का ते पाहा आणि मगच मागचं झाकण लावा. आता डावीकडची परतीची कडी बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून ढील काढा. ती ताठ झाली की दोन खटके रिकामे मारा. प्रत्येक लिव्हरबरोबर ती कडी उलट फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म सरकत नाहीये. प्रवासात दर चार-पाच फोटोंनी कडीवर नजर टाकायची सवय लावा.

काउंटर ३८-३९ वर गेला आणि लिव्हर अजून सुखाने ओढला जातोय, तर शंका घ्या, पण झाकण उघडू नका. तळाचं बटण न दाबता कडी हळूच फिरवा. ताण लागला तर फिल्म रिळात नीट अडकलेली आहे. नुसती गरगर फिरली तर भरलीच गेली नव्हती.

कडी नीट फिरत होती आणि तरी कोरं, तर दोनच शक्यता उरतात : शटर उघडलं नाही, किंवा लेन्सची टोपी राहिली. ज्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असते, त्यात टोपी लावलेली असली तरी समोरचं स्वच्छ दिसतं.

आजोबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा सापडला. चालवता येईल? (डिचोली)

येईल. १२० ची फिल्म आजही मिळते. शटरचा वेग ठरलेला असल्यामुळे उन्हात आयएसओ १०० चीच भरा. पाठीमागच्या लाल खिडकीवर मात्र काळी पट्टी चिकटवा आणि आकडा पाहण्यापुरती, तीही सावलीत, वर करा. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मना लाल उजेड दिसत नव्हता, आजच्या फिल्मना दिसतो.

पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. आणि एसी खोलीतून बाहेर पडलं की अर्धा तास काच धुरकट. काय करावं? (वाळपई)

सत्तरीच्या पावसात कपाटातला चामड्याचा खण म्हणजे बुरशीला घरच. चामडं ओल धरून ठेवतं. कॅमेरा त्यातून काढा आणि रबरी कडांच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आत एक छोटा आर्द्रतामापक असू द्या. ४५ ते ५० टक्के उत्तम, साठच्या वर गेलं की जेल वाळवायची वेळ झाली. पार तीसच्या खाली नेऊ नका, वंगण आणि रबर सुकतं. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून शटर दहा-बारा वेळा चालवा. बुरशी बघायची तर लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतील. पुढच्या काचेवर असेल तर पुसून निघते. आतल्या काचांवर असेल तर लेन्स खोलावी लागते, आणि उशीर झाला तर काचेवरच्या लेपावर कायमचे ओरखडे राहतात.

काच धुरकट होते ती थंड काचेवर दमट हवा बसल्यामुळे. खोलीतच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. ओल पिशवीवर बसते. फ्रिजमधल्या फिल्मचंही तेच : डबी बंद ठेवून दोन तास बाहेर, मग उघडा. आणि काढून झालेला रोल गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका. उन्हात उभी गाडी भट्टीसारखी तापते आणि रंग ढळतात.

मोपाहून विमानाने जायचंय. स्कॅनरमधून रोल गेले तर? (पेडणे)

चेक-इन बॅगेत रोल कधीच टाकू नका, तिथली किरणं सर्वांत तीव्र. हातातल्या सामानाचे जुने एक्स-रे स्कॅनर आयएसओ ४००पर्यंतच्या फिल्मला दोन-चार फेऱ्यांत दिसण्याजोगा त्रास देत नाहीत, पण प्रत्येक फेरीचा परिणाम साचत जातो. नवे सीटी स्कॅनर मात्र एका फेरीतही धुकट पडदा आणतात. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा, लवकर पोचा, आणि हाताने तपासायची विनंती सौजन्याने करा. शिशाच्या पिशवीने फायदा नाही. आत काही दिसलं नाही म्हणून ती पुन्हा तपासली जाते. मुंबईपर्यंतच जायचं असेल तर थिवीला रेल्वेत बसा, हा प्रश्नच राहणार नाही.

एचपी५ ही कृष्णधवल फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये घरी धुतो. टाकीचं पाणी एप्रिलमध्ये ३१ अंशांवर जातं. निगेटिव्ह फार गडद येतात. (मडगाव)

डब्यावरच्या वेळा २० अंशांच्या आहेत. आयडी-११ मूळ द्रावण २० अंशांना साडेसात मिनिटं मागतं; ३१ ला तेवढाच वेळ दिलात तर फिल्म जास्त शिजणारच. वेळ कमी करून भागत नाही, कारण पाच मिनिटांच्या आत आलं की डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि आभाळात पट्टे उमटतात. म्हणून २० अंश गाठायचा हट्ट सोडा, २४ धरा आणि डेव्हलपर एकास एक पातळ करा. २० अंशांना त्याला १३ मिनिटं लागतात, २४ ला सुमारे ९. हा वेळ हाताळायला सोयीचा.

पसरट टबात पाणी घ्या, बर्फ पिशवीत बांधून त्यात सोडा. बर्फ थेट रसायनात टाकलात तर प्रमाण बिघडतं. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं) आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या सगळ्याच त्या टबात उभ्या करा. शेवटचं पाणी विसरलं जातं, आणि २४ वरून एकदम ३१ च्या नळाखाली गेलेलं जिलेटिन फुगून मऊ पडतं. पहिल्या दहा सेकंदांत फिल्म धुण्याची छोटी टाकी चार वेळा उलटी करा, पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला चारदा. फिक्सर जुना वाटला तर फिल्मची कापलेली जीभ त्यात टाकून घड्याळ लावा. ती स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ फिल्मला द्या.

धुताना नळ वाहता ठेवायची गरज नाही. त्याच तापमानाचं पाणी भरून पाच वेळा उलटी करा आणि ओता, नवं पाणी भरून दहा वेळा, परत नवं भरून वीस वेळा. शेवटी वेटिंग एजंटचे (थेंबांचे डाग पडू न देणाऱ्या द्रावणाचे) दोन थेंब टाकलेल्या डिस्टिल्ड पाण्यात मिनिटभर. वाळवायला न्हाणीघर चांगलं, पण आधी गरम पाणी सोडून वाफ करा आणि ती निवू द्या. तरंगणारी धूळ खाली बसते. फिल्म वरून चिमट्याने टांगा, खाली दोन कपड्यांचे चिमटे वजनाला लावा, दार बंद करा. पंखा लावू नका. एप्रिलमध्ये दोन तासांत वाळते, जुलैत रात्रभर टांगलेली राहू द्या आणि सकाळी बोटाला चिकट लागत नाही हे कडेला तपासूनच कापा.