शेवाळावरची फळे

प्रश्न : इंग्रज चित्रकार विल्यम हेन्री हंट यांनी द्राक्षे, आलुबुखार टेबलाऐवजी शेवाळलेल्या मातीवर का रंगवले?
– एक संत्रा बागायतदार, तालुका वरूड

उत्तर : ओल्या, काळपट मातीपुढे फळाचा रंग उठून दिसतो, हे मुख्य कारण. हंट (१७९०–१८६४) आधी पांढऱ्या रंगाचा थर देत आणि तो कडक वाळल्यावर त्यावर शुद्ध जलरंगाचे बारीक ठिपके भरत, म्हणून त्यांच्या आलुबुखारावरची पांढुरकी झाक बोटाने पुसली जाईल असे वाटते. पाय अधू असल्याने रानोमाळ हिंडणे त्यांना कठीण होते, तेव्हा चित्रातला हा शेवाळी मातीचा ‘बांध’ बहुधा घरातच रचलेला असावा (आणि त्यात काहीच वावगे नाही). आपल्या मृगबहाराचे एखादे संत्रे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ठेवून सकाळच्या तिरप्या उन्हात सालीवरचे बारीक खड्डे पाहावेत. ठिपक्यांचे प्रयोजन लगेच ध्यानात येईल.