चाळिशीत पुन्हा पहिलीपासून?

"मॅडम, पंचविशीतली मुलं पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग शिकूनच येतात. मी चौदा वर्षं एक्सेलवर काढली. आता पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायची का?"

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून करिअरचा सल्ला देताना हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. हे गृहस्थ पुण्यातले, मोटार विम्याच्या क्लेमचं विश्लेषण करणारे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). घराचा हप्ता चालू, मुलगी दहावीत. रात्री अकराला लॅपटॉप उघडायचा, अर्ध्या व्हिडिओतच डोळे मिटायचे. तीन कोर्स असे अर्धवट पडलेले, आणि प्रत्येकाबरोबर 'आपल्याला जमत नाही' ही समजूत आणखी घट्ट झालेली.

मी चौथा कोर्स सुचवला नाही. आठवडाभर कामाची नोंद ठेवायला सांगितली: कोणता रिपोर्ट, किती वेळ लागला, तो पाहून कोणी काय ठरवलं.

निम्म्याहून जास्त वेळ शाखांच्या फाइली जोडण्यात जात होता. हे काम यंत्राकडे जाणारच, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण त्याच वहीत आणखी एक नोंद होती. जुलैत क्लेम एकदम वाढलेले दिसले आणि वरिष्ठ घाबरले. यांनी तेच आकडे नोंदणीच्या तारखेऐवजी अपघाताच्या तारखेने लावले, तर वाढ नाहीशी झाली. एका शाखेनं साठलेले क्लेम जुलैत एकदम नोंदवले होते. ही नजर चौदा वर्षांची आहे. त्यांनी मात्र ती एका ओळीत उरकली होती!

मग क्रम ठरला. आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. सत्तरच्या दशकातली ही भाषा आजही विश्लेषकाच्या रोजच्या कामात लागते. सोबत एक्सेलमध्येच असलेली, फाइली आपोआप जोडून देणारी पॉवर क्वेरी, आणि पायथन त्यानंतर. पँडास या पायथनच्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीतलं 'मर्ज' (टेबलं जोडणं) म्हणजे बरंचसं त्यांचं एक्सेलमधलं व्हीलुकअप आणि 'ग्रुपबाय' (गटवार बेरजा) म्हणजे पिव्हट, हे कळल्यावर ते खुर्चीत सावरून बसले. सराव स्वतःच्याच एका मासिक रिपोर्टवर, सकाळी पाऊण तास. एआयकडून कोड लिहून घ्यायला हरकत नाही, पण ग्राहकांचा डेटा त्यात टाकायचा नाही आणि टेबलं जोडल्यावर ओळी मोजायच्याच. एका पॉलिसीवर दोन क्लेम असले की जोडलेल्या टेबलात ती पॉलिसी दोनदा येते, प्रीमियम दोनदा मोजला जातो, आणि कोड तर बिनचूक चाललेला दिसतो.

प्रमाणपत्रांबद्दल माझं मत कडक आहे. मुलाखतीत 'तुम्ही काय सोडवलंत?' या प्रश्नाला प्रमाणपत्र उत्तर देत नाही. जुलैची हकिकत देते.

चार महिन्यांनी तो रिपोर्ट पॉवर क्वेरीवर आला. दीड दिवसाचं काम तासाभरात होऊ लागलं. खोटे क्लेम शोधणाऱ्या टीममध्ये जागा निघाली, तिथे त्यांनी अर्ज केला आहे. निकाल यायचा आहे. धास्ती पूर्ण गेलेली नाही, पण रात्री अकराला ते आता झोपतात.