सेनेकासाठी लॅटिन शिकावी का?

प्रश्न : लातूरच्या एका आडत दुकानात ३४ वर्षे खतावणी लिहून मी गेल्या दिवाळीत निवृत्त झालो. मार्कस ऑरेलियसचे चिंतन इंग्रजीतून वाचल्यापासून काळाविषयीचे स्टोइक (विवेकाने जगायला शिकवणाऱ्या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानपंथाचे) विचार मूळ लॅटिनमध्ये वाचावेत, असे मनात घोळते आहे. महाविद्यालयात संस्कृत होते. या वयात हा खटाटोप करावा का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : जरूर करावा, मात्र आधी एक दुरुस्ती. मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट असला, तरी त्याने आपले चिंतन ग्रीकमध्ये लिहिले, त्यामुळे लॅटिन शिकायची ती सेनेका या रोमन स्टोइकासाठी. इ. स. ६५ मध्ये मरण पावलेल्या या लेखकाची ल्युसिलियस या मित्राला लिहिलेली १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांतले पहिलेच काळावर आहे.

त्याच्या आरंभी ‘विंदिका ते तिबी’ असे शब्द येतात. ‘विंदिका’ हे क्रियापद कायद्यातले आहे; दुसऱ्याच्या ताब्यातल्या वस्तूवर मालकी सांगणे, हा त्याचा अर्थ. ‘स्वतःला मोकळे कर’ हे भाषांतर म्हणूनच मला मिळमिळीत वाटते, कारण सेनेका मित्राला स्वतःवर रीतसर दावा लावायला सांगतो आहे. ‘तिबी’पाशी आपल्याला ‘तुभ्यम्’ आठवेल, चतुर्थीच ती. पुढे वेळ कसा जात होता हे सांगताना तो तीन क्रियापदे वापरतो : ‘औफेरेबातुर’, हिसकावला जात होता, ‘सुब्रिपिएबातुर’, चोरला जात होता, ‘एक्स्किदेबात’, गळून पडत होता. पहिली दोन कर्मणी आहेत, म्हणजे नेणारा कोणीतरी आहे. तिसरे कर्तरी आहे, तिथे चोरच नाही, फाटक्या पोत्यातून तूर सांडावी तसा प्रकार. निष्काळजीपणाने होणारे नुकसान सर्वांत लाजिरवाणे, असे तो लगेच पुढे म्हणतो, ते या तिसऱ्या क्रियापदाला धरून.

‘आयुष्याच्या अल्पत्वाविषयी’ हा त्याचा निबंध तर आपल्याच व्यवसायाजवळचा आहे. तो ज्या पौलिनसला उद्देशून लिहिला, त्याच्याकडे रोमच्या धान्यपुरवठ्याचे काम होते. सार्वजनिक धान्याच्या हिशेबापेक्षा स्वतःच्या आयुष्याचा हिशेब ठाऊक असणे बरे, असे सेनेका त्याला अठराव्या प्रकरणात सुनावतो. हिशेबासाठीचा तिथला शब्द ‘रातिओ’. स्टोइकांच्या लेखनात विवेकालाही हाच शब्द आहे, आणि भाषांतरात ही जोडी हमखास तुटते.

विभक्ती अंगवळणी असल्याने रोज अर्धा तास दिलात, तर वर्षभरात कोश हाताशी ठेवून पहिले पत्र वाचता येईल. ते जेमतेम पानभराचे आहे. निबंध त्यानंतर घ्यावा. हवे तर थेट अठराव्या प्रकरणापासून.