आधी वाण्याकडे भाव विचार

लग्नाला जायचं म्हटलं की चारचौघांच्या भीतीने आदल्या रात्रीपासून तुझ्या पोटात गोळा येतो, माझंही तसंच व्हायचं. हात थरथरून कप बशीवर वाजेल म्हणून मी चार वर्षं कुणाकडे चहाच घेतला नाही. ही टाळाटाळच भीतीला पोसते रे. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं आणि मन पुढच्या वेळी तीच वाट धरतं. म्हणून छोट्यापासून सुरू कर. वाण्याकडे भाव विचार, मग एसटीत शेजारच्याशी दोन वाक्यं बोल. छाती धडधडेल, तरी तिथून पळू नकोस, धडधड हळूहळू उतरते. आपला थरकाप आपल्याला जाणवतो तेवढा समोरच्याला दिसत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कॉलेज अडायला लागलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं. एकट्याने फोन लावायला जमत नसेल तर ताईला शेजारी बसव.