हरवलेल्या कार्यक्रमांच्या कॅसेटींसाठी पोस्टातलं खातं मोडायचं का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. लिहिणारे काका 62 वर्षांचे, सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, राहायला इंदिरानगरला. पंचवटीतल्या एका ओळखीच्या माणसाकडे त्याच्या मामाच्या 64 व्हीएचएस कॅसेटी आहेत, आणि त्यावर 1977 ते 1981 मधले मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम घरी टेप केलेले आहेत असं तो म्हणतो. लेबलांवर 'गजरा', 'चिमणराव', काही नाटकं, काही मुलाखती अशी नावं आहेत, आणि यातलं बरंच दूरदर्शनकडेसुद्धा उरलेलं नाही हा त्याचा दावा. मागतोय पाच लाख. काकांचं पोस्टात सीनियर सिटिझन बचत योजनेत सात आणि पाच लाखांची दोन खाती आहेत, त्यातलं पाचचं बंद करून ह्या घ्यायच्या असा विचार आहे. रविवारपर्यंत 50 हजार टोकन रोख द्यायचंय, कारण मुंबईचा कोणीतरी आठ लाखाला तयार आहे म्हणे. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

काका, तुमची मेल दोनदा वाचली. पहिल्यांदा पैशांची प्लॅनर म्हणून वाचली, दुसऱ्यांदा आमच्या घरातली म्हणून, कारण संध्याकाळी टीव्हीसमोर सतरंजी टाकून बसलेली अख्खी आळी मीसुद्धा वडिलांच्या तोंडून ऐकत मोठी झालेय. तुम्ही लिहिलंय की "हे वाचवायला हवं, पैसे मिळाले तर बोनस". त्यातला पहिला भाग मला अगदी मनापासून पटतो. पण पाच लाख तुम्ही दुसऱ्या भागावर लावताय, म्हणून आधी त्याचंच बघू.

खातं उघडून दोन वर्षं होऊन गेलीत, म्हणजे पाच वर्षांच्या आत बंद केलं तर ठेवीच्या 1 टक्का कापतात. पाच लाखाचे पाच हजार तिथेच गेले, हातात 4 लाख 95 हजार. 8.2 टक्क्याने ह्या खात्याचं दर तिमाहीला 10,250 रुपये व्याज येतं, ते बंद. तुमच्या दोन्ही खात्यांचं मिळून तिमाहीला 24,600 येतात, म्हणजे महिन्याला 8,200, त्यातले जवळजवळ 3,400 कमी होणार, आणि पीएफची पेन्शन तुम्ही स्वतःच लिहिलंय की तीन हजाराच्या आतबाहेर आहे. पुढच्या वर्षी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय आणि त्यासाठी तीन लाखांची एफडी बाजूला आहे, ती अगदी बरोबर ठेवलीत, तिला हात लावू नका. आता समजा कॅसेटी घेतल्या आणि तीन वर्षांनी विकल्या, तर नुसतं आज जिथे आहात तिथे परत यायला तुम्हाला मुद्दल पाच लाख, बुडालेलं व्याज 1 लाख 23 हजार आणि पेनल्टीचे पाच हजार असे 6 लाख 28 हजार मिळायला हवेत. त्याच्यावर मिळेल तो नफा. आणि ह्यात कॅसेटी चालू ठेवायचा खर्च मी धरलेलाच नाही.

मग विकणार कोणाला हा खरा प्रश्न, आणि ह्याचं उत्तर अमेरिकेतल्या एका गोष्टीत आहे. तिकडच्या फुटबॉलचा पहिला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, 15 जानेवारी 1967 ला झाला, दोन चॅनेलनी तो लाइव्ह दाखवला आणि दोघांकडेही त्याचं पूर्ण रेकॉर्डिंग राहिलं नाही. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या एका माणसाने तेव्हा टेप केलेल्या दोन इंची मोठ्या टेपा त्याच्या मुलाकडे निघाल्या. टेपा खऱ्या होत्या, एका नावाजलेल्या म्युझियमने त्या दुरुस्त करून तपासल्या, हाफटाइम आणि खेळाचा थोडा भाग सोडला तर सामना सापडला. दहा लाख डॉलर किंमत असल्याचं बोललं जात होतं. सामने भरवणाऱ्या लीगने देऊ केले 30 हजार. मुलाला ते मान्य नव्हतं, पण दुसऱ्या कोणाला विकायची सोय नव्हती, कारण टेप त्याची असली तरी टेपवरच्या सामन्याचे हक्क लीगचे. काका, जगात एकच असलेली, खरी ठरलेली, लाखो लोकांना बघायची असलेली टेप, आणि तिला एकच गिऱ्हाईक.

आपल्याकडेही कायदा ह्याच वाटेने जातो. प्रक्षेपणाचा हक्क 25 वर्षांत संपतो हे त्या माणसाने तुम्हाला बरोबर सांगितलंय, पण अर्धंच सांगितलंय, कारण खुद्द कार्यक्रमाच्या चित्रफितीचा कॉपीराइट 60 वर्षांचा असतो, म्हणजे 1979 मध्ये दाखवलेल्या गोष्टीचा 2039 च्या शेवटपर्यंत, आणि लेखकाचा तर तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं. तेव्हा "यूट्यूबला टाकून कमवू" हा जो प्लॅन आहे तो चालणारा नाही. पाच लाख देऊन तुमच्या मालकीची होईल ती प्लास्टिकची पेटी आणि आतली फीत, कार्यक्रम नाही.

आता कॅसेटी खऱ्या आहेत का. मी व्हिडिओची जाणकार नाही, पण क्लायंटचे पैसे कुठे चाललेत ते बघण्यापुरता अभ्यास करते, तो इथेही केला. व्हीएचएस जपानमध्ये बाजारात आलं 1976 च्या ऑक्टोबरअखेरीस. पण जपान आणि अमेरिकेची मशीनं पडद्यावरचं चित्र 525 रेषांनी काढायच्या पद्धतीची, आपलं प्रक्षेपण 625 रेषांचं, तिकडून आणलेलं मशीन इथला कार्यक्रम नीट टेप करू शकत नव्हतं. आपल्या पद्धतीला चालणारी व्हीएचएस मशीनं युरोपात आली ती 1978 पासून. म्हणजे ज्या कॅसेटींवर 1977 लिहिलंय ते रेकॉर्डिंग व्हीएचएसवर त्या वर्षी घरी झालेलं असणं मला तरी शक्य वाटत नाही. 1979-80 चं असू शकतं, पण त्यासाठी मामांनी मशीन कोणाकडून, कोणत्या देशातून आणलं, आणि तेव्हा ते राहायचे त्या गावात मुंबईचा सिग्नल पोचत होता का, हे दोन्ही कळायला हवं, कारण छोटे ट्रान्समीटर गावोगाव झपाट्याने लागले ते 1984 च्या आसपास. व्हीसीआर घराघरात दिसायला लागले तेसुद्धा 1982 च्या एशियाडनंतर, आणि रंगीत प्रक्षेपणही त्याच वर्षीचं, त्यामुळे त्याआधीचा कुठलाही कार्यक्रम रंगीत दिसला तर तिथेच थांबा.

तुम्ही पाठवलेली चाळीस सेकंदांची क्लिप मी चार वेळा बघितली. टीव्हीच्या पडद्यावर मोबाइल धरून काढलेली आहे, चित्र काळंपांढरं आहे, तुम्हाला कोपऱ्यात जे पांढरं काहीतरी वाटलं तो सह्याद्री वाहिनीचा लोगो आहे. आता मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, पण त्याच्या मराठी वाहिनीला सह्याद्री हे नाव मिळालं 2000 साली. म्हणजे ही क्लिप फार तर नंतर कधीतरी पुन्हा दाखवलेल्या कार्यक्रमाची आहे, किंवा आजकाल जुनं बरंच काही नेटवर आहे तिथून घेतलेली, आणि जो कार्यक्रम 2000 नंतर दाखवला गेला तो तोपर्यंत तरी दूरदर्शनकडे होता, हरवलेला नव्हता.

ह्यावरून मी त्या माणसाला लबाड म्हणत नाही. मामांनी लेबलं लिहिली, भाच्याने लेबलं वाचली, एवढंच झालेलं असू शकतं. आमच्याच घरी वडिलांच्या सुंदर अक्षरात "नाटक – पूर्ण" लिहिलेली कॅसेट होती, ते गेल्यावर आम्ही सगळे मुद्दाम एकत्र जमून ती लावली तर आत कुठल्यातरी वनडेचा शेवटचा तास निघाला. कोणीतरी कधीतरी वरून टेप केलं होतं. त्या दिवशी आई काही न बोलता आत निघून गेली ते मला अजून आठवतं. कोरी कॅसेट तेव्हा महाग असायची, लोक एकीवरच चार चार वेळा टेप करायचे, आणि दूरदर्शनमध्येही जुन्या टेपा पुसून परत वापरल्या गेल्या त्याचं एक कारण हेच, टेप बाहेरून यायची आणि परवडायची नाही.

खरी घरगुती रेकॉर्डिंग निघतात हेही तितकंच खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स बाईंनी तीसेक वर्षं घरी टीव्ही टेप करून सुमारे 70 हजार कॅसेटी जमवल्या होत्या आणि त्या आता इंटरनेट अर्काइव्ह ह्या नेटवरच्या संग्रहाकडे आहेत. बीबीसीने पुसलेल्या 'डॉक्टर हू' ह्या मालिकेच्या साठच्या दशकातल्या हरवलेल्या भागांचा आवाज आज पूर्ण ऐकायला मिळतो, कारण प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर घेतला होता. आवाज मिळाला, चित्र नाही, कारण चित्र टेप करणारं मशीन तेव्हा घरात नव्हतंच. म्हणून मला वाटतं मामांकडे जुन्या ऑडिओ कॅसेटी किंवा स्पूल असतील तर त्यांची चौकशी जास्त आस्थेने करा, 1977 चं खरं काही असलं तर ते तिथे सापडायची शक्यता जास्त.

मग करायचं काय. रविवारी टोकन द्यायचं नाही. मुंबईचा माणूस आठ लाख देतोय तर भाच्याने त्याला द्याव्यात, पाच लाखात तुम्हाला देण्याचं कारणच उरत नाही. त्याऐवजी त्याला सांगा की 64 मधल्या पाच कॅसेटी मी निवडतो, तुमच्यासमोर डिजिटल करून घेऊ, खर्च माझा, कॅसेटी तुमच्याकडेच. एका कॅसेटला दुकानात काही शे रुपये लागतात. निवडताना त्याने वर ठेवलेल्या घेऊ नका, पेटीच्या तळातल्या काढा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी असेल तर ती तशीच मशीनमध्ये घालू देऊ नका, फीतही जाते, मशीनमधलं फीत वाचणारं हेडही खराब होतं आणि पुढच्या कॅसेटला बुरशी लागते, आपल्याकडचे चार महिने पावसाळी हवेत काढलेल्या पेटीत ती असणारच असं धरून चला. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी 2016 मध्ये थांबली, त्यामुळे चालू मशीन असलेलं दुकान शोधायलाही चार दिवस लागतील, ते लागू द्या.

आणि बघताना नुसता कार्यक्रम बघू नका, त्याच्या आजूबाजूचं बघा. घरी टेप केलेलं असेल तर आधी निवेदिका येईल, मधे जाहिरात येईल (दूरदर्शनवर जाहिराती 1976 पासून आहेत), कुठेतरी बातम्यांची सुरुवात पकडली गेली असेल, आणि "व्यत्यय" ची पाटी आली तर मला फोन करा, मी दुकानात येते. हे काहीच नसेल आणि कार्यक्रम स्वच्छ सुरुवातीपासून शेवटपर्यंत असेल, तर ती कुठल्यातरी दुसऱ्या प्रतीवरून काढलेली कॉपी असण्याची शक्यता जास्त, आणि ती मूळ कुठून आली हे न कळता तिला एक रुपयाही देऊ नका.

पाचातलं काही खरं निघालं तर किमतीचं न बोलता वरळीच्या दूरदर्शन केंद्राला लिहा, कॉपी दाखवा, त्यांच्याकडे ते आहे का विचारा. नसेल तर भाच्याचा आणि त्यांचा काय तो व्यवहार होईल, तुमचं नाव वाचवणारा म्हणून लागेल. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, त्यांच्या 1913 च्या चार रिळांच्या पहिल्या चित्रपटाची आज पहिली आणि शेवटची एवढीच रिळं उरलीत, त्यामुळे तुम्हाला जी तळमळ वाटते ती मी अजिबात हलकी समजत नाही. फक्त त्यासाठी बजेट धरा 25 हजार, तुमच्या सेव्हिंगमधल्या 80 हजारातून, परत येणार नाहीत असं समजून. ह्यात पाच काय, जवळजवळ सगळ्याच कॅसेटी डिजिटल होतील, आणि पोस्टातल्या खात्याला धक्का लागणार नाही.

एक राहिलं. पोस्टातलं ते खातं तुम्ही काकूंबरोबर जॉइंट उघडलंय असं लिहिलंय. हे त्यांना आज सांगा, शनिवारी नको. आणि दुकानात जाताना त्यांनाही घेऊन जा, जुन्या निवेदिकांचे चेहरे तुमच्याआधी त्या ओळखतील. पाच कॅसेटींतून काय निघालं ते मला कळवा.