आईला मॉर्फिन लिहून दिलंय, पण मेडिकलवाले म्हणतात पोलीस केस होईल. खरं आहे का?

नाही, मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध आहे, बेकायदेशीर नाही. आईचा कॅन्सर हाडांत पसरलाय, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात आणि तालुक्यातल्या चार मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी बघताच हात वर केले, असं तुम्ही लिहिलंय. मी एका रुग्णालयाच्या फार्मसीत बारा वर्षं आहे, मॉर्फिनचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असतं.

त्या मेडिकलवाल्यावर फार चिडू नका. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला तेव्हा साठा-विक्रीच्या बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षं सक्तमजुरी होती. थोडा माल आणि व्यापारी माल असा शिक्षेतला फरक 2001 च्या दुरुस्तीने आणला. औषध म्हणून वापराला बंदी कधीच नव्हती. पण रुग्णालयाला चार-पाच परवाने लागायचे, वेगवेगळ्या खात्यांचे आणि सगळे एकाच वेळी चालू. एकाचं नूतनीकरण होऊन यायचं तोवर दुसऱ्याची मुदत संपलेली. माझ्या आधीच्या नोकरीत (नाव नको) या भानगडीत कपाट आठ महिने रिकामं होतं आणि वॉर्डात डायक्लोफिनॅक या साध्या पेनकिलरच्या सुया टोचणं चालू होतं. बऱ्याच ठिकाणी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. 1997 मध्ये देशाचा वर्षाचा वापर 18 किलोवर आला होता. आणि इथेच मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, जिच्यापासून मॉर्फिन बनतं, आणि परदेशी जाते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते असं.

पेशंटचं दुखणं कमी करण्यासाठी काम करणारे डॉ. राजगोपाल आणि केरळमधली मंडळी हे नियम बदलण्यामागे वर्षानुवर्षं लागली होती. 2014 मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे एफडीएची, एकच मान्यता पुरेशी झाली. कागदावरचा प्रश्न सुटला, लोकांच्या मनातली धास्ती तशीच राहिली. तस्करी करणारा आमचं रजिस्टर बघून थांबत नाही. थांबते ती तुमच्या आईसारखी पेशंट.

आता करायचं काय? गावातली दुकानं पालथी घालू नका. ज्या रुग्णालयात कॅन्सर विभाग किंवा पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात दुखणं-त्रास कमी करणारा विभाग) आहे तिथे आधी फोन करा आणि नेमकं विचारा, "तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का?" नुसतं 'पेनकिलर' म्हणालात तर भलतंच काहीतरी हातात पडेल. जाताना मूळ चिठ्ठी, केसपेपर आणि दोघांची ओळखपत्रं न्या. आईला ओढत नेऊ नका, घरातलं कुणी गेलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं, फोनवरच विचारून घ्या. आमच्याकडे गोळ्या मोजून देतो, रजिस्टरवर सही घेतो आणि उरलेल्या परत आणायला सांगतो. गेल्या महिन्यात एक मुलगा आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी अकरा गोळ्या परत घेऊन आला. डोक्याचे केस काढलेले, हातात तीच चिठ्ठी. मी मोजल्या, त्याने सही केली.

व्यसनाचं म्हणाल, तर अमेरिकेच्या बातम्या वाचून घाबरू नका. तिथे कंपन्यांनी कंबरदुखीलाही या गोळ्या खपवल्या. इथे कॅन्सरच्या दुखण्याला डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरल्या वेळी गोळी दिली तर तशी भीती फार कमी असते. फक्त अचानक बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात. मॉर्फिनची साधी (लगेच असर करणारी) गोळी सहसा चार-चार तासांनी असते, दुखू लागेपर्यंत थांबायचं नसतं. झोपमोड नको म्हणून रात्री कधी दुप्पट देतात, पण ते डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच.

आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. बद्धकोष्ठ होतंच. लोक त्यालाच वैतागून मॉर्फिन सोडतात.